आव्यात गेलेलं मडकं, आव्यातून आलेलं मडकं

माझ्या सासऱ्यांची उसाच्या नोंदींची एक वही आमच्या ढोकीच्या घरी अजून आहे. कोणता गट, किती आर, कोणता वाण, लावण कधी, तोड कधी, सगळं शाईच्या पेनानं लिहिलेलं. विहिरीकडच्या तुकड्याच्या पानावर पहिल्या वर्षी ‘सुरू’, दुसऱ्या वर्षी ‘खोडवा, तोच ऊस’ आणि तिसऱ्या वर्षी ‘निडवा, तोच ऊस’ अशी नोंद आहे. मी या घरात आले तेव्हा नुकतीच तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले होते आणि डोक्यात पुस्तकं ताजी होती. पहिल्या वर्षीचा ऊस कारखान्यात गेला, त्याची साखर झाली, ती कुणाकुणाच्या चहात विरघळली. दुसऱ्या वर्षी रानात उभा राहिला तो नंतर फुटलेला. मग तोच कसा? मामांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं. ते म्हणाले, “मुळ्या त्याच हायत की. नवं बेणं कुठं लावलंय?” आणि कडब्याची पेंढी उचलून गोठ्याकडे गेले.

मामांचं चुकलं नव्हतं. मी उसाच्या दांड्यांबद्दल विचारत होते आणि ते बेटाबद्दल बोलत होते. एकाच रानाकडे बघून दोघंही बरोबर होतो, कारण दोघांच्या मनातली ‘एक वस्तू’ वेगळी होती.

एखादी वस्तू ‘एक’ कशामुळे होते, ती शेजारच्या वस्तूपासून वेगळी कशामुळे ठरते आणि काळ लोटल्यावरही ‘तीच’ आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, याचा विचार करणं हे तत्त्वज्ञानाच्या ज्या शाखेचं काम आहे तिला सत्तामीमांसा म्हणतात. नाव जड आहे. बारावीच्या मुलांसमोर मी ते शक्यतो टाळत असे आणि सरळ उसाचं रान दाखवत असे. आमच्या वर्गातली निम्मी मुलं सकाळी पाण्याची पाळी धरूनच यायची, त्यामुळे रान डोळ्यांसमोर आणायला त्यांना वेळ लागत नसे.

बांधावर उभं राहायचं आणि विचारायचं, इथं किती आहेत? दांडे मोजले तर एका एकरात हजारो. बेटं मोजली तर आकडा बराच खाली येतो, कारण एका डोळ्यातून कोंब येतो, त्याला फुटवे येतात आणि त्या सगळ्यांचं मिळून एक बेट होतं. पीक म्हणाल तर एकच. वाणाचा विचार केला तर गंमत आणखी वाढते. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा को ८६०३२ हा कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेतला वाण. संकरातून आलेलं एक रोप निवडलं गेलं आणि तिथून पुढं सगळी वाढ कांड्या लावून झाली, बियांचा संबंध संपला. टिपरीवर डोळा, डोळ्यातून बेट, त्या बेटाच्या पुन्हा टिपऱ्या. मग ढोकीतला, बारामतीतला आणि कोल्हापुरातला को ८६०३२ हे मिळून एकच झाड आहे, फक्त जागोजाग तोडून लावलेलं, असं म्हणायला काय हरकत आहे? अमेरिकेत यूटा राज्यात ‘पांडो’ नावाचं अ‍ॅस्पेन झाडांचं वन आहे. सुमारे ४७ हजार खोडं, ४३ हेक्टरचा पसारा आणि मुळांचं जाळं एकच. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला एक सजीव मानतात. तिथं निदान मुळं जोडलेली आहेत, आपल्या उसाची तीही नाहीत.

जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोट्लोब फ्रेग यांनी १८८४ साली अंकगणिताच्या पायाबद्दल जे पुस्तक लिहिलं त्यात याच्यावर बोट ठेवलंय. नुसत्या ढिगाकडे बोट दाखवून ‘किती?’ विचारलं तर त्याला उत्तर नसतं, कारण संख्या ढिगाला चिकटलेली नसते. आधी ‘किती काय?’ हे सांगावं लागतं. पत्त्यांचा जोड म्हणाल तर एक, पानं म्हणाल तर बावन्न. मला हे म्हणणं पटतं आणि पुढचा बराच गुंता त्यानंच सुटतो असं माझं मत आहे. बराच, सगळा नाही. तो न सुटणारा भाग तेरच्या मडक्यात आहे. तिकडे येतेच, पण आधी ढोकीतलं पुरतं बघू.

ढोकीत ‘कारखाना’ म्हटलं की एकच, तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना. तो चालला, अडचणीत आला, बंद पडला, वर्षानुवर्षं गाळप थांबलं, मग भाडेतत्त्वावर दुसऱ्याकडे चालवायला गेला आणि पुन्हा धूर निघाला. तेव्हापासून चहाच्या हॉटेलात एक वाद बसलेला आहे. एक म्हणतो, “आपला तेरणा सुरू झाला.” दुसरा म्हणतो, “आपला कुठला आता? तो गेला तवाच.” दोघं एकमेकांना वेड्यात काढतात. खरं तर त्या आवारात ‘कारखाना’ या एका नावाखाली दोन वस्तू आहेत. एक लोखंडाची: गव्हाण, मिल, बॉयलर, धुराडं. दुसरी कायद्यानं निर्माण झालेली: सभासदांची सहकारी संस्था. तिला १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानं स्वतंत्र अस्तित्व दिलेलं आहे. सभासद वारले, नवे आले, संचालक मंडळ बदललं तरी ती टिकते. मिलचे रोलर एकूण एक बदलले तरी संस्था तीच राहते, आणि उद्या संस्था अवसायनात निघाली तरी बॉयलर जागचा हलत नाही. एक वस्तू दुसरीशिवाय राहू शकते म्हणजे त्या दोन आहेत, हा युक्तिवाद तत्त्वज्ञानात जुना आहे. ढोकीच्या माणसाला तो अनुभवानं कळलेला आहे, फक्त वाद घालताना दोघं वेगवेगळ्या वस्तूबद्दल बोलतात हे लक्षात येत नाही.

रेल्वेचं तसंच. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. पुढं कंपनी सरकारनं घेतली, २००७-०८ मध्ये या भागात ब्रॉडगेज आलं, रूळ बदलले, इंजिनं बदलली, मार्गही काही ठिकाणी सरकला आणि धाराशिव शहरावरून वळवून नेला. तरी म्हातारी माणसं ‘आपली बारशीची गाडी’च म्हणतात. म्हणू देत. त्यात माझ्या मते फारसं खोल काही नाही. मार्ग, सेवा की मालमत्ता, यातलं काय मोजायचं ते ठरवलं की प्रश्न संपतो.

जमिनीचा प्रश्न मात्र तितक्यात संपत नाही, कारण तिथं कोर्टकचेरी असते. ऊस निदान स्वतःहून बेट करून उभा राहतो. जमीन तशी नसते. काळं रान इथून तिथवर सलग पसरलेलं आहे, त्यात ‘गट नंबर अमुक’ नावाची वस्तू निसर्गानं पाडलेली नाही. ती मोजणीनं, नकाशानं आणि बांधानं पाडली. बॅरी स्मिथ नावाच्या तत्त्वज्ञानं अशा माणसानं आखलेल्या सीमा आणि नदीकाठासारख्या स्वतःच असलेल्या सीमा असा भेद केला आहे. आमच्याकडे भाऊबंद दर पेरणीला बांध कोरतात, वीतभर, वीतभर. बांध सरकतो. मग सातबाऱ्यावरची जमीन सरकली, की जमीन तिथंच राहून तिच्यात शेजारी घुसला? भूमिअभिलेखवाले म्हणतात जमीन तिथंच आहे, बांध खोटा. कोरणारा म्हणतो, बांध हीच जमिनीची हद्द. माणसानं आखलेल्या वस्तूसुद्धा एकदा आखल्या की आपल्या मर्जीनं हलत नाहीत, हे मला फार विलक्षण वाटतं.

आणि गाव? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, लातूर-धाराशिवच्या सीमेवरची गावं भूकंपात कोसळली. मृतांचा आकडा १० हजारांच्या घरात गेला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं मूळ जागा सोडून दुसरीकडे वसवली गेली: आखीव रस्ते, ओळीतली घरं, रुंद चौक. किल्लारीचं नाव नव्या जागेवर गेलं, माणसं गेली, ग्रामपंचायत गेली, देवाचे दिवस आणि भाऊबंदक्याही गेल्या. मागं राहिली जागा, दगडमातीचे ढीग आणि जुन्या वाड्यांच्या खुणा. माझ्या एका विद्यार्थिनीचं आजोळ तिकडचं. ती म्हणाली, “मॅडम, आजी म्हणती गाव खालीच राहिलं, आम्ही वर आलो.” सरकारी कागदात गाव वर आलेलं आहे. उसाचं, कारखान्याचं मी चटकन सांगते: काय मोजताय ते ठरवा. पण त्या आजीला ‘आधी ठरवा’ म्हणायची माझी हिंमत नाही. तिच्या लेखी गाव म्हणजे ती जागा आणि तिथं त्या रात्री गेलेली माणसं, आणि ही वस्तू कुठल्याही पुनर्वसन योजनेत हलवता येत नाही. ‘कशाचं एक?’ याचं उत्तर कधी कधी आपण निवडत नाही, ते आपल्या आयुष्यानं आधीच निवडलेलं असतं.

आता तेर. ढोकीच्या शेजारचं, तेरणेच्या काठचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाची मोठी बाजारपेठ सांगितली आहे. ती म्हणजे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिलं. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या तिथल्या संग्रहालयात त्या काळच्या भाजक्या मातीच्या वस्तू भरपूर आहेत. गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं, मागची बाजू अर्धगोल. हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेक अभ्यासक सांगत आले की मूळ इमारत बौद्ध चैत्यगृहाची आहे, पुढचा मंडप नंतर जोडला आणि आत विष्णू आला. आंध्रातल्या चेजर्ला गावच्या कपोतेश्वराचीही अशीच गोष्ट. चैत्य आणि मंदिर या दोन वस्तू की एक? विटांची इमारत एक, पूजास्थानं दोन, हे उत्तर आता वाचकही देतील.

पण त्या चैत्यात कधीकाळी बसलेल्या भिक्षूंना हे उत्तर चाललं नसतं. बौद्ध तार्किकांच्या मते ‘इमारत’ नावाची वेगळी वस्तूच नाही. विटा आहेत, तिथंही खरं तर क्षणोक्षणी उत्पन्न होऊन नष्ट होणारे घटक आहेत, आणि ‘एक इमारत’ ही आपल्या मनाची सोय आहे. कालची वीट आणि आजची वीट सारख्या दिसतात म्हणून आपण एक म्हणतो. याच्याशी आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांनी शेकडो वर्षं भांडण केलं. ते म्हणाले, अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ असतो: कपालांहून, म्हणजे मडक्याच्या अर्ध्या भागांहून, घट वेगळा, तंतूंहून पट वेगळा. बौद्धांनी विचारलं, मग दोन कपालांचं वजन आणि शिवाय घटाचं वजन असं तागडीत का नाही दिसत? हा प्रश्न आजही कुणी विचारला तर मी त्याला पूर्ण गुण देईन. नैयायिकांची त्यावरची उत्तरं मला कधीच पुरती पटलेली नाहीत.

आपल्या शास्त्रांचा आवडता दाखला घट, आणि तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव, ज्यांना आम्ही गोरोबाकाका म्हणतो. त्यांची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमलेली, मुक्ताईनं विचारलं हे काय, काका म्हणाले थापटणं, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग बघा की आमचीही मडकी, असं झाल्यावर काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले, आणि निकाल लागला: हे मडकं कच्चं. पुढं नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि भाजून निघाले, अशी परंपरा सांगते.

मी ही गोष्ट वर्गात वेगळ्या कामासाठी वापरत असे. कच्चं मडकं काळपट, ठिसूळ, पाण्यात विरघळणारं. आव्यात घातलं, जाळ केला, बाहेर निघालं ते लाल, खणखणीत, पाणी धरणारं. रंग गेला, स्पर्श बदलला, गुण बदलले. आव्यात गेलेलं मडकं आणि आव्यातून आलेलं मडकं एकच का? यावर न्याय आणि वैशेषिक हे एरवी गळ्यात गळा घालून चालणारे दोन पंथ फुटले, आणि ते कसे फुटले हे वाचताना मला दर वेळी रंगत येते.

वैशेषिक म्हणाले, एक नाही. पृथ्वीच्या परमाणूंचा रंग अग्नीनं बदलतो, आणि अग्नी प्रत्येक परमाणूपर्यंत पोचायचा तर घट आख्खा असून चालणार नाही. म्हणून आव्यात घट फुटतो, थेट परमाणूंपर्यंत सुटा होतो, काळा रंग जातो, लाल येतो, आणि परमाणू पुन्हा जुळून नवा घट तयार होतो. हे इतक्या झपाट्यानं होतं की आपल्याला दिसत नाही. किती क्षणांत होतं याचीही त्यांनी मोजदाद केली आहे. याला पीलुपाक म्हणतात, पीलु म्हणजे परमाणू. नैयायिकांनी डोक्याला हात लावला असणार. ते म्हणाले, अहो, आव्याच्या भोकातून आत डोकावलं तर मडकं आख्खं दिसतं. त्याच्यावर ठेवलेली दुसरी मडकी कोसळत नाहीत. जितकी घातली तितकीच निघतात, आकारही तोच, आणि कुंभार हातात घेऊन म्हणतो, ‘हे तेच’. घट सच्छिद्र असतो, त्याच्या छिद्रांतून अग्नी आत शिरतो आणि घट न मोडता आख्ख्या घटाचाच रंग पालटतो. हा पिठरपाक. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहावरच्या त्यांच्याच दीपिकेत हे दोन्ही पक्ष थोडक्यात आलेले आहेत. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली तर्कसंग्रहाची प्रत मुंबई संस्कृत मालेत १८९७ साली निघाली. माझ्या पिढीपर्यंत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी तीच वापरत.

तेरच्या एका वयस्क कुंभारकाकांना मी हा वाद सांगितला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “फुटलेलं कळतंय की मॅडम. आवाज येतोय. फुटलं तर ते भाईर काढून टाकावं लागतंय.” मी नैयायिकांच्या बाजूची आहे ती थोडी यांच्यामुळे, पण जास्त गोरोबाकाकांमुळे. त्या गोष्टीत पिठरपाक गृहीत धरलेला आहे. वैशेषिकांचं मानलं तर कच्चे नामदेव विसोबांकडे गेले, तिथं ते परमाणूपर्यंत सुटे झाले आणि परत आले ते दुसरेच नामदेव. मग ‘नामदेव पक्के झाले’ या वाक्याला अर्थच उरत नाही. जे पक्कं होतं ते आधी कच्चं होतं आणि मधे तुटलेलं नव्हतं, असं असेल तरच शिकणं, बदलणं, सुधारणं हे शब्द लागू पडतात. शिक्षकाला दुसरा पक्ष परवडणारच नाही.

आता तो न सुटलेला भाग. समजा आव्यातून दोन मडकी निघाली, हुबेहूब सारखी. एक डावीकडे, एक उजवीकडे. ‘कशाचं एक?’ हे ठरलेलं आहे: मडकं. किती, तेही ठरलं: दोन. (इथं वैशेषिकांचं आणखी एक मत सांगायचा मोह आवरत नाही. ते म्हणतात, एकत्व प्रत्येक वस्तूत असतंच, पण द्वित्व, दोनपण, मोजणाऱ्याच्या बुद्धीमुळे उत्पन्न होतं. त्या बुद्धीला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. फ्रेग यांना हे मुळीच आवडलं नसतं, संख्या मनातून उपजते म्हणणाऱ्यांवर ते तुटून पडत.) पण हे मडकं ते मडकं नाही, हे कशामुळे? हे या मातीचं, ते त्या मातीचं, असं म्हणता येईल. युरोपात थॉमस अक्वायनस यांनीही वेगळेपणाचा भार मातीवरच, म्हणजे द्रव्याच्या विशिष्ट तुकड्यावर टाकला. मग ही माती त्या मातीहून वेगळी कशामुळे? तिच्या कणांमुळे. आणि कण कणाहून? मडकं अवयवांवर ढकलता येतं, परमाणूला अवयव नाहीत. दोन पार्थिव परमाणू, दोन्ही भाजलेले, दोन्ही लाल. तिथं ढकलायला खाली काही उरत नाही.

वैशेषिकांनी, म्हणजे कणादांच्या परंपरेनं, इथं एक धाडस केलं. प्रत्येक परमाणूत एक ‘विशेष’ असतो असं मानलं. तो दुसऱ्या कशातही नसतो, आणि त्याचं काम एकच, आपल्या धन्याला बाकी सगळ्यांपासून वेगळं ठेवणं. विशेष हा त्यांच्या सात पदार्थांपैकी एक स्वतंत्र पदार्थ, आणि दर्शनाचं नावच त्याच्यावरून पडलं. आपल्याला तो दिसत नाही. वैशेषिकांचे भाष्यकार प्रशस्तपाद म्हणतात, योग्यांना दिसतो, म्हणून योगी एका परमाणूला दुसऱ्यापासून ओळखू शकतात, आणि दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वेळी भेटला तरी ‘हा तोच’ म्हणू शकतात. मुक्त झालेल्या आत्म्यांनाही विशेष लागतो. मोक्षात सुखदुःख, इच्छा, ज्ञान सगळं गळून पडतं, मग एक मुक्त आत्मा दुसऱ्याहून वेगळा राहणार तो कशानं? (म्हणजे थापटण्याची परीक्षा पास झालेल्या सगळ्यांना, निदान वैशेषिकांच्या हिशेबात, पुढं एकमेकांपासून ओळखायला विशेषच कामी येणार.) डन्स स्कॉटस हे १३०८ साली वारलेले स्कॉटिश भिक्षू जवळपास याच ठिकाणी पोचले होते: सगळे गुणधर्म सांगून झाले तरी ‘हाच’ असण्याचं एक वेगळं तत्त्व मानावंच लागतं.

जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझ यांना असली शिल्लक मान्य नव्हती. त्यांच्या मते दोन वस्तू सर्व बाबतीत सारख्या असूच शकत नाहीत. सगळं सारखं असेल तर ती एकच वस्तू. हेरेनहाउझनच्या राजबागेत राणीसरकार सोफी यांच्यासमोर एका गृहस्थानं दोन तंतोतंत सारखी पानं शोधण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आणि त्याला ती सापडली नाहीत, हा किस्सा त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पानांच्या बाबतीत ठीक आहे. पण १९५२ साली मॅक्स ब्लॅक यांनी एक कल्पना मांडली. विश्वात फक्त दोन गोळे आहेत, शुद्ध लोखंडाचे, प्रत्येकी एक मैल व्यासाचे, सर्व बाबतींत सारखे. एक ‘इकडचा’ म्हणावा तर इकडं-तिकडं ठरवायला तिसरं कुणी नाही. एकाबद्दल जे जे खरं, ते दुसऱ्याबद्दलही खरं. तरी ते दोन आहेत. ही कल्पना वाचून मी आधी हसले होते आणि नंतर बरेच दिवस अस्वस्थ होते.

या सगळ्यावर मला सर्वांत पटलेला शेरा सोळाव्या शतकातल्या नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींचा. नव्यन्यायाचा, म्हणजे न्यायाच्या नंतरच्या शाखेचा, हा सर्वांत तिखट माणूस, स्वतःच्या परंपरेचे खांब हलवायला त्याला भीती वाटत नसे. त्यांचं म्हणणं असं: विशेष परमाणूंना वेगळं ठेवतात म्हणता, मग एक विशेष दुसऱ्या विशेषाहून वेगळा कशानं? तुम्ही म्हणणार, स्वतःच. मग परमाणूच स्वतः वेगळे आहेत म्हणा की! मधला पदार्थ कशाला? योग्यांना विशेष दिसतो म्हणता, तर जाऊन योग्यांनाच विचारा. वेगळेपण ही वस्तूंना बाहेरून चिकटवलेली गोष्ट नाही. जनावराच्या कानात बिल्ला मारला म्हणून ते शेजारच्या जनावराहून वेगळं होत नाही, ते आधीच वेगळं असतं म्हणून त्याच्या कानाला वेगळा बिल्ला बसतो. कुठंतरी खाली वेगळेपण हे कशातूनही न येणारं, नुसतं असणारं मानावंच लागतं, आणि ते जितक्या लवकर मानलं तितके कमी पदार्थ लागतात.

मला मात्र रघुनाथांच्याही पुढचा एक प्रश्न पडतो, आणि तो आपल्याच देशातल्या एका माणसामुळे. १९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी एका नव्या रीतीनं केली आणि निबंध आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला. मोजणीचं मर्म तर्कशास्त्राच्या तासाला सांगता येण्याइतकं सोपं आहे. दोन खाने, दोन कण. कण आपल्या मडक्यांसारखे, हा आणि तो असे असतील, तर ठेवण्याच्या रीती चार: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, हा डावीकडे तो उजवीकडे, तो डावीकडे हा उजवीकडे. बोस यांनी मोजल्या तीन. दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, प्रत्येकी एक. आधीच्या चारांतल्या शेवटच्या दोन रीती त्यांच्या हिशेबात एकच. आणि प्रयोगात जे दिसतं ते चारच्या हिशेबानं जुळत नाही, तीनच्या जुळतं.

म्हणजे संख्या दोन आहे, पण ‘हा’ आणि ‘तो’ नाहीत. किती ते सांगता येतं, कोणता ते विचारताच येत नाही. मामांच्या ऊसबेटांत, तेरणाच्या बॉयलरमध्ये, किल्लारीच्या आजीच्या गावात ‘कोणता?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. तिथून खाली उतरत उतरत कणांपाशी आलो तर तो गळूनच पडतो. विशेष नाकारणाऱ्या रघुनाथांनीसुद्धा परमाणू स्वतःच वेगळे असतात एवढं धरून ठेवलं होतं. बोस यांच्या कणांना तेवढंही लागू नाही. प्रत्येक परमाणूला वेगळा ओळखणारे प्रशस्तपादांचे योगी त्या दोन खान्यांपुढे बसवले, तरी चौथी रीत त्यांना दाखवता येणार नाही.